वाकड्या नळीचं नरसाळं आणि इतर पत्रं

मागच्या अंकात थ्री नॉट थ्री रायफलीच्या बटात (खांद्याला टेकायच्या लाकडात) राहणाऱ्या पितळी तेलबाटलीबद्दल लिहिलं, आणि बऱ्याच घरांतले माळे झाडले गेलेले दिसतात. पत्रं आली, फोटो आले. तलवारी आणि दांडपट्ट्यांबद्दल विचारणाऱ्यांनी रागावू नये. तो माझा प्रांत नाही. मी ईएमईत, म्हणजे लष्कराच्या दुरुस्ती विभागात, आर्मोरर (हत्यारं दुरुस्त करणारा) होतो. नोकरीभर रायफली उघडल्या, मोजल्या, जोडून परत कोतात (हत्यारांच्या कोठारात) लावल्या. तेवढ्यापुरतंच बोलतो. अवजार ओळखताना मी मूठ बघत नाही, तोंड बघतो. ते कुठल्या स्क्रूवर, कुठल्या खाचेत, कुठल्या भोकात बसेल ते तोंड सांगतं. मूठ काय, सुतार कधीही बदलून देतो.

प्रश्न (सांगलीहून): काका, जुन्या घराच्या माळ्यावर एक टिनाचं नरसाळं सापडलं. वरचं तोंड नेहमीसारखं, पण नळी लांब, बारीक आणि वाकवलेली. आजी म्हणते बैलाला औषध पाजायचं, भाऊ म्हणतो स्टोव्हमध्ये रॉकेल ओतायचं. काठावर बाणाची खूण आहे. पणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाला गेले होते. याचा त्याच्याशी काही संबंध असेल का?

आजींचा मान राखून सांगतो, बैलाचं नव्हे. बैलाला पाजायला बांबूचं नळकांडं असतं. ही टिनाची नळी त्यानं एका दाढेखाली चपटी केली असती. आणि स्टोव्हला एवढी लांब, वाकडी नळी कशाला? तुमच्या हातात आहे ते रायफलीत उकळतं पाणी ओतायचं सरकारी नरसाळं.

रायफलीच्या लोखंडी नळीत मुद्दाम पाणी ओतायचं म्हटल्यावर नवे रंगरूट हसायचे. कारण असं आहे. त्या काळच्या .३०३ (थ्री नॉट थ्री) काडतुसाच्या कॅपमध्ये, म्हणजे बुडाच्या पेटणाऱ्या टोपीत, पोटॅशियम क्लोरेट असे. गोळी सुटली की त्याचं पोटॅशियम क्लोराइड होऊन नळीभर बसे. हे खायच्या मिठाचंच भावंड. हवेतला ओलावा ओढून घेतं आणि रातोरात गंज चढवतं. तेलात ते विरघळत नाही, त्यामुळे नुसतं तेल मारून ठेवलेली रायफल वरून चकचकीत दिसते आणि तेलाखाली गंजाचं काम चालूच राहतं. पाण्यात मात्र विरघळतं. शिवाय उकळत्या पाण्यानं लोखंड इतकं तापतं की नळी आपली आपण सुकते. म्हणून फायरिंग संपलं की लंगरातून (स्वयंपाकघरातून) किटली मागवायची, बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) काढायचा, नरसाळ्याची नळी वरून चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसतं तिथे) घालायची, रायफलीचं तोंड खाली धरायचं आणि किटली रिकामी करायची. नंतर कोरडी चिंधी, नंतर तेल. हा क्रम उलटा करणाऱ्याची रायफल दुसऱ्या दिवशी बघूनच कळायची.

नरसाळ्याची नळी वाकडी का, तेही यातच आलं. बोल्ट निघाला तरी चेंबरच्या मागे रायफलीचा सांगाडा आणि बट आडवं येतं. सरळ नळीचं नरसाळं तिथे शिरत नाही.

आता पणजोबा. बाणाची ती खूण ब्रिटिश सरकारी मालाची. बाणाखाली इंग्रजी आय अक्षर असेल तर माल हिंदुस्थान सरकारचा. त्याच्या आसपास साल ठोकलेलं असतं, ते आधी शोधा. १९१८ च्या पुढचं निघालं तर मेसोपोटेमियाची गोष्ट तिथेच संपते. पणजोबा कुठल्या पलटणीत होते तेही तुम्ही लिहिलेलं नाही. ११०वी महरट्टा लाइट इन्फंट्री मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) कूतच्या वेढ्यात अडकली होती आणि २९ एप्रिल १९१६ ला कूत पडलं. त्यांच्यात असतील तर ते तुर्कांच्या कैदेतून आले, आणि कैदेतून कोणी नरसाळं घेऊन येत नाही. हे नरसाळं एकेका शिपायाला मिळत नसे, ते कंपनीच्या सामानात असे. तेव्हा ते कोणाच्या हातून घरी आलं याचा शोध घरातच घ्या. आणि कृपा करून चिंच-मीठ लावून घासू नका. शिक्का पुसला की हातात नुसतं टिन उरेल.

प्रश्न (सोलापूरहून): माझे वडील राज्य राखीव पोलीस दलात आर्मोरर होते. ते गेल्यावर त्यांची लाकडी पेटी मी आता उघडली. त्यात टी आकाराची मूठ असलेली एक पोकळ नळी, हातभर लांबीचा स्क्रू ड्रायव्हर, .064 आणि .074 आकडे कोरलेले दोन छोटे गोल तुकडे, स्क्रूचा एक लहानसा शिकंजा, आणि १, २, ३ असे आकडे असलेले काही पोलादी तुकडे आहेत. प्रत्येकाचा उपयोग कळला तर नातवंडांना दाखवता येईल.

तुमच्या वडिलांनी पेटी नीट ठेवली होती. या मांडणीत एकही फालतू वस्तू नाही.

टी मुठीची नळी स्ट्रायकर काढायची. स्ट्रायकर म्हणजे बोल्टच्या आतली, कॅपवर आपटणारी सळई. तिच्याभोवती दाबलेली स्प्रिंग असते आणि तिचं मागचं टोक कॉकिंग पीसमध्ये, म्हणजे बोल्टच्या मागच्या टोकाच्या तुकड्यात, आट्यांनी बसलेलं असतं. आधी कॉकिंग पीसचा बारका स्क्रू काढायचा, बोल्टचं डोकं उतरवायचं, मग ही नळी पुढून आत घालायची. नळीच्या तोंडाशी आत बघा, दोन दात दिसतील. स्ट्रायकरच्या कॉलरला दोन खाचा असतात, त्यांत हे दात अडकतात, आणि मूठ फिरवली की आटे सुटतात. पक्कड लावून हे काम करणारे महाभाग असत. त्यांनी हात लावलेल्या स्ट्रायकरवर पकडीचे ओरखडे जन्मभर राहतात. दात झिजलेले असतील तर अवजार भरपूर वापरलेलं आहे, आणि तीच त्याची शोभा.

लांब स्क्रू ड्रायव्हर बटाच्या बोल्टचा. ली-एनफील्डचं, म्हणजे याच थ्री नॉट थ्रीचं, बट आणि पुढचं लाकूड वेगळं असतं. बट एका लांब बोल्टनं (वरच्या सरकत्या बोल्टपेक्षा हा वेगळा) रायफलीला घट्ट होतं आणि त्या बोल्टचं डोकं बटाच्या पोटात खोलवर असतं. बटप्लेट काढायची, भोकातला नमद्याचा बोळा काढायचा, आणि हा ड्रायव्हर आत सोडायचा. पण त्याआधीचं एक काम उस्तादानं माझ्या डोक्यात हातोडीनं ठोकल्यासारखं बसवलं होतं. नंबर एक रायफलीत, म्हणजे आपल्याकडच्या नेहमीच्या १९०७ च्या नमुन्याच्या मार्क तीनमध्ये, पुढचं लाकूड आधी उतरवल्याशिवाय हा बोल्ट फिरवायचा नाही. बोल्टचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि ते पुढच्या लाकडाच्या मागच्या टोकातल्या एका पत्र्यात बसतं. मागून बोल्ट फिरवला की पत्रा फिरतो आणि लाकूड उभं चिरतं. कुठल्याही प्रदर्शनात नंबर एक दिसली की मी पहिली नजर तिथे टाकतो. चीर दिसली की समजायचं, कोणीतरी घाई केली. नंबर चारमध्ये, म्हणजे नंतरच्या नमुन्यात, ही भानगड नाही, तिथे स्प्रिंग वॉशर आहे.

गोल तुकडे हे पेटीतलं सगळ्यात महत्त्वाचं सामान. .३०३ काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. बोल्ट बंद झाल्यावर बोल्टचं तोंड आणि नळीचं मागचं टोक यांच्यात त्या कडेपुरती जागा हवी. .०६४ इंचाचा गेज (मापाचा तुकडा) ठेवला की बोल्ट बोटाच्या हलक्या दाबानं बंद व्हायला हवा; .०७४ चा ठेवला की बंद होता कामा नये. दोहोंत फरक दहा थाउ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे पाव मिलिमीटर. बोल्ट .०७४ वर बंद होत असेल तर रायफल लाइनीतून बाहेर. जागा वाढली की काडतूस मागे ताणलं जातं, आणि एखादं पितळ मधूनच तुटून पुढचा अर्धा भाग चेंबरमध्ये अडकतो. त्याचं अवजार खालच्या पत्रात येतंच आहे. गेज मात्र खणात इतर लोखंडाबरोबर खडखडू देऊ नका. वेगळ्या कापडात, तेलाचा हात लावून ठेवा. त्याच्यावर गंजाचा ठिपका आला की तो गेज राहत नाही, पेपरवेट होतो.

शिकंजा फोरसाइटचा, म्हणजे नेम धरायच्या पुढच्या माशीचा. नळीच्या तोंडाजवळ माशीची पात आडव्या खाचेत बसते. हा शिकंजा तिथे बसवून बाजूचा स्क्रू फिरवला की पात केसभर डावीउजवीकडे सरकते. हातोडीनं सरकवली तर ती कधीच मनासारखी थांबत नाही. उंचीसाठी पात बदलावी लागे. पाती .०१५ इंचाच्या पायऱ्यांनी कमीजास्त उंचीच्या येत. नंबर एकमध्ये पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर सुमारे १९ इंच. मग हिशेब सोपा आहे: १०० यार्ड म्हणजे ३,६०० इंच, त्याला .०१५ नं गुणा, १९ नं भागा. एक पायरी बदलली की १०० यार्डांवर गोळी पावणेतीन इंचांच्या आसपास वरखाली होते. गोळ्या खाली लागत असतील तर बुटकी पात घालायची, उंच नव्हे. परीक्षेत हा प्रश्न हमखास यायचा आणि अर्धी तुकडी हमखास चुकायची.

आता १, २, ३ आकड्यांचे पोलादी तुकडे. इथे जरा थांबा. फोटोवरून ती नंबर चार रायफलीची बोल्टहेड्स (बोल्टची डोकी) आहेत. ती शून्य ते तीन अशा आकड्यांत येत. आकडा वाढतो तशी लांबी वाढते, आणि वर सांगितलेली जागा वाढलेली असेल तर पुढच्या आकड्याचं डोकं लावून ती कमी करत. म्हणजे ही अवजारं नाहीत, रायफलीचे भाग आहेत. १९५९ च्या शस्त्र कायद्यानं 'शस्त्र' या व्याख्येत शस्त्राचे भागही धरले आहेत. वडिलांची आठवण वगैरे सगळं खरं, पण हे तुकडे घरात ठेवू नका. अर्ज लिहा, वडिलांच्या नोकरीचा कागद जोडा, पेटी जशी आहे तशी पोलीस ठाण्यात दाखवा आणि जे जमा कराल त्याची पोच घ्या. नातवंडांना दाखवायला ड्रायव्हर आणि शिकंजा पुष्कळ झाले.

प्रश्न (दापोली तालुक्यातून): माझे आजोबा महार रेजिमेंटमध्ये मशीनगनवर होते. त्यांच्या ट्रंकेत काडतुसाच्या आकाराची एक पोलादी वस्तू आहे. पोकळ आहे, पुढचं टोक उभं चिरलेलं आहे आणि मधून एक खिळा जातो. जिवंत काडतूस आहे का, ही भीती वाटते.

फोटो पाहिला. काडतूस नाही, घाबरू नका. हा क्लिअरिंग प्लग. वर सांगितलं तसं पितळ मधून तुटलं की मागचा भाग बाहेर येतो आणि पितळाची पुढची नळी चेंबरमध्येच राहते. पुढचं काडतूस तिच्यात घुसून गन बंद पडते. तेव्हा हा प्लग आत सरकवायचा. मधला खिळा पुढे गेला की चिरलेलं टोक फुलतं आणि तुटक्या पितळाला आतून पकडतं. मग सगळं मिळून बाहेर खेचायचं. सराव झालेली जोडी हे डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच करायची, आणि ते तसंच करावं लागायचं, कारण समोरचा थांबत नाही.

तुमच्या आजोबांची गन बहुतेक व्हिकर्स. १९१२ पासून ब्रिटिशांकडे, पाण्यानं थंड होणारी, नळीभोवतीच्या जाड नळकांड्यात सुमारे चार लिटर पाणी. महार रेजिमेंटची पहिली बटालियन १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात उभी राहिली, आणि १९४६ मध्ये रेजिमेंट मशीनगनची झाली. त्यांच्या बिल्ल्यावर तिपाईवरच्या दोन व्हिकर्स एकमेकींवर आडव्या आहेत, तो आजोबांच्या टोपीवर असेल तर तोही जपा. ट्रंकेत ॲस्बेस्टॉसच्या दोरीचं भेंडोळं दिसलं तर ते मात्र हातानं पिंजू नका. पाणी गळू नये म्हणून नळीच्या सांध्यांत ती दोरी भरत असत. तिचा धुरळा छातीला वाईट. पिशवीत बंद करून ठेवा.

प्रश्न (बेळगावहून): हूक असलेला पितळी ताणकाटा रायफलीच्या ट्रिगरसाठी वापरत असं ऐकलं. माझ्याकडे एक आहे. तो आर्मोररचा असेल?

ट्रिगरची ओढ काट्यानं मोजतात हे खरं. ली-एनफील्डची ओढ दोन टप्प्यांची: पहिला टप्पा ३ ते ४ पौंड, दुसरा ५ ते ६. पण तुमच्या काट्यावर बाण नाही, साल नाही, आणि आकडे किलोत आहेत. मासळीवालीचा असण्याची शक्यता जास्त. तरी काटा छान आहे.

प्रश्न (नागपूरहून): कामठीच्या एका दुकानातून हे वाय आकाराचं लोखंडी अवजार मोठ्या किमतीला घेतलं. दुकानदार म्हणाला, शिवकालीन बंदुकीचं आहे. खरं का?

दुकानदाराला शिवकालाची फार घाई झालेली दिसते. तुम्ही पाठवलेल्या दुसऱ्या फोटोत एका फाट्याच्या टोकाला चौकोनी भोक स्पष्ट दिसतं. ते निपल फिरवायचं आहे. निपल म्हणजे ज्याच्यावर तांब्याची टोपी बसवून घोडा आपटतो ती लहान चिमणी. टोप्यांच्या बंदुका आल्या एकोणिसाव्या शतकात. शिवाजी महाराजांच्या वेळच्या बंदुका तोड्याच्या: पेटता तोडा (वात), कानाशी (नळीच्या बारीक भोकाशी) रंजक (बारीक दारू). तिथे निपलच नाही, तर निपलची चावी कुठून येणार? त्या बंदुकीला कान साफ करायला नुसती सुई पुरे.

तुमचं अवजार १८५३ च्या नमुन्याच्या एनफील्डच्या कुळातलं दिसतं, .५७७ इंचाच्या नळीची, १८५७ मुळे जिचं नाव शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे ती. या जोडअवजारात निपलची चावी, लहानमोठे दोन स्क्रू ड्रायव्हर, कान टोचायची सुई, अडकलेली चिंधी ओढायचा मळसूत्री आकडा आणि पोटात तेलाची कुपी असं सगळं एकत्र असे. एका फाट्याला लहानसा शिकंजा असेल तर जास्त आनंद माना. तो मुख्य स्प्रिंग दाबून धरायचा, आणि तो सार्जंटच्या अवजाराला असे, साध्या शिपायाच्या नाही. लॉकची (घोडा चालवणाऱ्या यंत्रणेची) स्प्रिंग उघडायची मुभा सगळ्यांना नव्हती, आणि ते शहाणपणाचं होतं. एक जोडून सांगतो: उठावानंतर हिंदी पलटणींना याच रूपाच्या पण आतून आटे नसलेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुका दिल्या गेल्या. बाहेरून बघून फरक कळू नये इतक्या सारख्या. त्यामुळे अवजारावरून 'माझ्या पूर्वजांनी एनफील्ड चालवली' इथपर्यंत उडी मारू नका.

किमतीबद्दल विचारलंत. शिक्का भिंगाखाली धरा. खरा शिक्का आधी ठोकलेला असतो आणि गंज नंतर चढलेला, म्हणजे गंजाचे खड्डे शिक्क्याच्या रेषांतूनही गेलेले दिसतात. खड्ड्यांच्या वर बसलेला, कडा धारदार असलेला शिक्का परवाचा. तुमच्या फोटोतला बाण मला जरा जास्तच तरतरीत वाटतो. अवजार खरं आणि बाण खोटा, असंही होतं. जुन्या बाजारात बाणाचा एक ठोका किंमत वाढवतो.

प्रश्न (ठाण्याहून): पुलथ्रूच्या दोरीला तीन फास का?

पुलथ्रू म्हणजे नळी साफ करायला तिच्यातून ओढायची दोरी. एक फास चिंधीसाठी, एक तारजाळीच्या तुकड्यासाठी, आणि एक सगळं नळीत अडकलं तर मागे ओढायला. तारजाळी आर्मोररच्या देखरेखीखालीच वापरायची, कारण ती गंजाबरोबर नळीही खाते. दोरी नळीच्या तोंडाच्या कडेला घासू द्यायची नाही, सरळ ओढायची. तिथे घळ पडली की रायफल नेमकी राहत नाही.

प्रश्न (पुण्याहून): ईशापूरच्या ७.६२ रायफलीलाही थ्री नॉट थ्रीचेच गेज चालतात का? दिसायला रायफल तीच आहे.

दिसायलाच. टू-ए आणि टू-ए-वन या साठच्या दशकापासूनच्या, बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी रायफल कारखान्याच्या, पोलाद वेगळं, मॅगझीन चौकोनी. ७.६२ काडतुसाला बाहेर आलेली कड नाही, ते खांद्यावर टेकतं, त्यामुळे त्याचा गेजही अख्ख्या काडतुसासारखा दिसतो. .०६४ चा तुकडा तिथे काहीच मोजत नाही. काडतुसांची अदलाबदल तर विचारूही नका.

प्रश्न (नाशिकहून): सोबत फोटो जोडला आहे. हे काय आहे?

फोटोत चादरीवर काहीतरी काळं आहे, एवढं दिसतं. पुन्हा पाठवा, दिवसाउजेडी, शेजारी स्टीलची पट्टी ठेवून. एक फोटो पूर्ण वस्तूचा, एक तोंडाचा अगदी जवळून, एक शिक्क्यांचा. शिक्का वाचत नसेल तर त्यावर खडूची पूड हलक्या बोटानं चोळा, अक्षरं वर येतात. आणि वस्तूला मधून भोक असेल तर त्यात कितव्या आकाराची ड्रिल बिट सैल न होता जाते, तेही लिहा.